आणखी एक टेक

दगड खिडकीची काच फोडून पावडरच्या डब्याशेजारी येऊन पडला, तेव्हा ताईचा ब्रश नटाच्या डोळ्याखालीच थबकला.

"लागलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. आरशात त्याचा अर्धा चेहरा रंगाने काळानिळा झाला होता आणि उरलेला अर्धा पांढराफटक पडला होता.

भाड्याने घेतलेल्या घराचं स्वयंपाकघर हीच या सिनेमाची मेकअप रूम. माणसं मोजकी, त्यामुळे मेकअपपासून कपड्यांच्या इस्त्रीपर्यंत सगळं ताईच्याच गळ्यात. बाहेर फाटकापाशी आठवडाभर एक टोळकं ठाण मांडून होतं. असले सिनेमे इथे नकोत, असं त्यांचं म्हणणं. असला सिनेमा म्हणजे शेजाऱ्यांनी बडवून काढलेल्या एका माणसाची गोष्ट. त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

नटाला ही भूमिका परकी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत त्याने स्वतःबद्दल सरळ सांगून टाकलं होतं. मालिकावाल्यांनी त्याच आठवड्यात त्याच्या पात्राला मोटारअपघातात मारून टाकलं, चांगलं दोन भाग रडून घेतलं आणि हात झटकले. मग छोट्या सिनेमांनी त्याला हात दिला. एक बक्षीस मिळालं. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा नि मास्तरांचा हसरा फोटो आला. मास्तर म्हणजे त्याचा जोडीदार, शाळेत गणित शिकवायचा. तो फोटो पुढे करून कितीतरी पोरापोरींनी आपापल्या घरी तोंड उघडलं होतं. अजूनही ती त्याला फोन करत.

आत्ताही फोन वाजला. मास्तरांचाच होता.

"हो, ताईच आहे फक्त. हो, दार उघडंच आहे. नाही, दुसरं कुणी नाही." नटाने फोन आरशापुढे पालथा ठेवला.

"दिवसातून किती वेळा करतात रे!" ताई म्हणाली. "मी आठवडाभर दिसले नाही तर आमच्या ह्यांना वाटेल, घरातलं मांजर कुठे गेलं. नशीब काढलंस बाबा."

"काढलंय ना," तो म्हणाला.

"तो मफलर सोड जरा. रंग लागेल त्याला."

"राहू दे, ताई. घसा धरलाय. आणि शॉटमध्ये तो आहेच की." आवाज खरंच घोगरा होता. ताईने पुढे आग्रह केला नाही.

"सोडून द्यावंसं वाटतं सगळं," तो एकदम म्हणाला. "पण मग त्या पोरांचं काय? त्यांच्या घरचे म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो."

"ह्या फाटकावरच्या टग्यांना घाबरून सोडणार? खुळा कुठला."

त्याचे हात गार पडले होते. ताईने ते आपल्या हातात घेऊन चोळले, पण तिचेही काही फारसे गरम नव्हते. खरं तर तिचीच पाचावर धारण बसली होती.

"घाबरू नका, ताई," दारात येऊन उभा राहिलेला रखवालदार म्हणाला. निर्मात्याने त्याला आठवड्यापूर्वी खास नटासाठी ठेवलं होतं. "रोज घरून मी आणतो, घरी मीच सोडतो. मास्तरांच्या हवाली करेपर्यंत नजर हलत नाही माझी. वाऱ्यालासुद्धा शिवू देत नाही ह्यांना."

शूटिंगचा शेवटचाच दिवस होता. शेवटचा शॉट दुपारीच झाला. दिग्दर्शकाने टाळी वाजवली आणि लोक वायरी गुंडाळायला लागले.

"आणखी एक घेऊ या?" नटाने विचारलं.

घेतला. तोही चांगला झाला.

"आणखी एक."

एरवी पहिल्याच टेकला मोकळा होणारा माणूस. बाहेर घोषणा वाढल्या होत्या. पत्र्यावर दुसरा दगड वाजला आणि ताईचा धीरच सुटला. हा पोरगा कामापायी जीव गमावून बसेल, असं तिला वाटलं. तिकडे कॅमेरा सुरू झाला, तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने मास्तरांना फोन लावला.

"लगेच या. मागच्या दाराने घेऊन जा त्याला."

"निघालोच, ताई. उद्यापासून शूटिंग नाही ना? मग आता मी त्याला घराबाहेर सोडतच नाही."

त्या शांत आवाजाने तिला बरं वाटलं.

मागच्या दाराशी मास्तरांची गाडी पाहिल्यावर नट जागीच थांबला. मफलर त्याने घट्ट गुंडाळला होता. डोळ्याखालचा रंगही पुसला नव्हता.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"मी."

त्याने ताईचं मनगट धरलं. "आज तुझ्याकडे राहू का?"

"आमच्या दोन खोल्यांत? आणि ते टोळकं मागे लागलं तर? नाही रे बाबा, तू आपला घरीच बरा."

तिने त्याला स्वतः गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि दार ओढून घेतलं. मास्तर काचेतून वाकून "उपकार झाले, ताई" म्हणाले. गाडी गल्लीतून निघून गेली, फाटकावरच्यांना पत्ताही लागला नाही. ताईच्या जिवात जीव आला.

आत दिग्दर्शक एकटाच पडद्यासमोर बसला होता. शेवटचा टेक तो पुन्हा पाहत होता.

"ताई, तुम्हाला मानलं," तो म्हणाला. "हे मी लिहिलंच नव्हतं. त्याने आपणहून मफलर काढला आणि कॅमेऱ्याकडे बघत नुसता उभा राहिला. गळ्यावर पाचही बोटं उमटलेली. काही ताजी, काही पिवळी पडलेली. अंगावर काटा आला माझ्या. इतकं बारीक काम केलंत कधी?"

ताई पडद्याकडे बघत राहिली.

"त्याच्या गळ्याला," ती म्हणाली, "मी हातच लावला नव्हता."