कुसुमताईंचा रिपोर्ट

“तंबाखू, विडी, सिगरेट?” रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

केदारला हसूच आलं. “डॉक्टर, माझी आई आहे ती!”

“पाळी गेली की बाईच्या हृदयाचं कवच जातं. वजन वाढलं की कोलेस्टेरॉल आणखी चढतं. पण हे इतकं? आणि त्यातलं चांगलं कोलेस्टेरॉल असं तळाला? हे मी ओढणाऱ्यांचं बघतो. असो. गोळ्या आजच सुरू करा. हे दुखणं सांगून येत नाही.”

कुसुमताईंचा चेहरा पांढराफटक पडला. केदारचे वडील असेच हां हां म्हणता गेले होते.

केदारच्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची तपासणी फुकट ठेवली होती. माणूस घरी येऊन रक्त नेई. सुईच्या नावानेच घेरी येणारी आई यंदा मुकाट्याने तयार झाली, याचंच त्याला अप्रूप वाटलं होतं. रक्त न्यायच्या दिवशी तो आणि त्याची बायको अपूर्वा हिंजवडीच्या बसला निघाले, तेव्हा कामाची मालनबाई आलेली होती, म्हणून काळजी नव्हती. एरवी दारातच चहा मागणारी मालनबाई त्या दिवशी ‘मग घेते’ म्हणाली होती.

डॉक्टरांकडून घरी आल्या आल्या अपूर्वाने तुपाची बरणी माळ्यावर टाकली. “आई, आता वजन उतरवायचं. बटाटेवडे बंद.”

“बरं.”

बस्स, एवढंच! सुनेच्या एका शब्दाला चार परत करणारी बाई ही. घाबरली हो, पार घाबरली.

त्या दिवसापासून कुसुमताईंची तऱ्हाच बदलली. मालनबाईची भांडी त्या स्वतः घासू लागल्या. काडीसारखी, पन्नाशी उलटलेली मालनबाई ओशाळून म्हणे, “अवो ताई, मी काय आजारी हाय व्हय? दुखणं तुमास्नी!”

“बस गं तू गप.”

मागच्या गॅलरीत मालनबाईने विडी पेटवली की कुसुमताई ती हातातून हिसकावत. “सोड गं मेले ही! पाया पडते तुझ्या.”

अपूर्वाला वाईट वाटे. मरण समोर दिसलं की माणूस मऊ होतो, असं ती केदारला म्हणाली. एकच गोष्ट तिला खटके. कुसुमताई गोळी कधी तिच्यासमोर घेत नसत. “मालन आली की घेते,” म्हणत. मालनबाई गेल्यावर पाकिटातली एक गोळी कमी झालेली असे, म्हणून तीही गप्प बसे.

एका रविवारी मालनबाई आली नाही. दुपारी तिची सून आनंदी दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

“आत्याबाई गेल्या. रातच्याला छातीत कळ आली. पित्त हाय म्हनल्या, आन् पहाटं...”

कुसुमताई ऊर बडवून रडू लागल्या. केदारने धावत जाऊन त्यांचे हात धरले. “आई, नको ना! आधीच तुझं हृदय...”

त्यांनी त्याचे हात झिडकारले.

“माझ्या हृदयाला काय धाड भरलीय! सुईला भिऊन तिचा हात पुढे केला, आणि लाजेपायी तोंड मिटून बसले. केदार, तो रिपोर्ट मालनचा होता रे!”