आईचा सतलडा

कुसुमताईंच्या आईच्या १९२८ सालच्या फोटोत तिच्या अंगात फुग्यांच्या बाह्यांचं, लेस लावलेलं पोलकं आहे, खांद्यावर ब्रोच आहे आणि गळ्यात सात पदरी मोत्यांचा सतलडा. त्या सतलड्यापायी विद्यानगरच्या कुसुमताईंनी धाकट्या बहिणीशी, गंगूशी, बावीस वर्षं बोलणं टाकलं. "देवाशपथ अक्का, मी तो डोळ्यांनीसुद्धा पाहिला नाही," असं गंगू रडून सांगायची. चौऱ्याण्णव साली ती वारली, तेव्हाही कुसुमताई गेल्या नाहीत.

पंच्याण्णव साली आबिड्सच्या बाजारात, आईचा फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओसमोरच कलर लॅब निघाली आणि तो स्टुडिओ बंद व्हायला आला. फोटोची आणखी एक प्रत मिळते का बघायला कुसुमताई तिथे गेल्या. मालकाने जुना आल्बम पुढ्यात ठेवला. वकिलाची बायको, जहागीरदारीण, शाळेतल्या बाई, प्रत्येकीच्या खांद्यावर तोच ब्रोच, गळ्यात तोच सतलडा.

"वो तो हमारे स्टुडिओ का था, अम्मा. नकली मोती. फोटो के वास्ते सबकू पहनाते थे."

 

मरणाच्या दिवशी आईने कुसुमताईंचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "कुसे, माझा सतलडा गंगूने नेला गं."