कम्युनिटीचा कार्यक्रम

"टेक कॉन्फरन्सला पयल्यांदा जाणाऱ्यानं एकच करायचं, बुजायचं नाय. मी पुण्यात दोन केल्यात," महाडच्या मंगल कार्यालयात शिरताना सुहास चुलतभावाला म्हणाला. आजही नोकरी जमली नाय, तर कापडे गावच्या या भावाला, बुद्धरत्नला, बाप मामाच्या चिकन सेंटरवर बसवणार होता.

दारातल्या स्वयंसेवकाला सुहासनं विचारलं, "कम्युनिटीचा कार्यक्रम हाच ना?"

"हो हो, आपल्या समाजाचाच. बायोडाटा आत द्या."

माईक फिरत आला, तसं सुहासनं बुद्धरत्नला कोपरानं ढोसलं, "उठ रे, बोल!"

"मी बुद्धरत्न. बीएस्सी आयटी. अनुभव अजिबात नाय, पण शिकवाल ते शिकेन. कुठंही यायला तयार हाय. रात्रपाळीपण चालेल."

अख्खा हॉल खिदळला. बायोडाटे गोळा करणाऱ्या मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"अरे बाळा, हा वधू-वर मेळावा हाय! कंप्युटरवाले वरच्या मजल्यावर होते, ते मघाशीच जेवून गेले. पण पोरगा गोड हाय गो! माझ्या भाचीला शोभेल. नोकरी कुठं करतोस?"

"तीच शोधायला आलोय, मावशी."

मावशींनी त्याचा बायोडाटा गठ्ठ्यातून काढून त्याला परत दिला.