थर्माकोलचा मजला

थर्माकोलवर क्रीम चढवताना कल्पिताचा हात एरवी सैल असायचा. खायचंय थोडंच कुणाला? आज मात्र त्या गोल ठोकळ्यावर तिनं असा जीव ओतला, की बघणाऱ्याला तोच आधी कापावासा वाटावा. कडेनं मोगऱ्याच्या कळ्या, हिरवी पानं, मधोमध साखरेचा पाळणा आणि पाळण्याला झालरसुद्धा.

दोन मजली केकचं या घरात ठरून गेलेलं होतं. खालचा मोठा मजला थर्माकोलचा, नुसता उंची दाखवायला. वरचा छोटा तो खायचा. आज तिनं उलटं केलं होतं. खाली खरा, वर ठोकळा. हलकं वर आणि जड खाली, हीच खरं तर शहाणी रीत. पण या घरात ती कधी कुणाला सुचली नव्हती.

मोबाइल उंचावत तिची धाकटी जाऊ योगिनी स्वयंपाकघरात आली. एप्रन घडी न मोडलेला, नखं अशी की कणीक मळायची तर आधी ती काढून ठेवावी लागतील. तिनं कल्पिताच्या हातातली क्रीमची पिशवी घेतली, शेवटचं फूल काढल्यासारखं केलं, आणि व्हिडिओ झाल्यावर पिशवी परत दिली. वर्षभर असंच चाललं होतं. केक कल्पिताचे, इन्स्टावर नाव योगिनीचं. कल्पितानं एकदा विषय काढून पाहिला, तर योगिनी गोड हसून म्हणाली होती, "ओव्हन माझा ना वहिनी? मग केक कुणाचा?"

एवढ्यावर कल्पितानं सोडूनही दिलं असतं. पण नणंद ऋतिका हिच्या सासूचा, केशरबाईंचा, कळव्याला रस्त्यालगत एक गाळा रिकामा होता. तो ऋतिकाच्या माहेरच्या 'केकवाल्या सुनेला' चालवायला द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि आज ऋतिकाच्या डोहाळजेवणात त्या ते बोलून टाकणार होत्या. योगिनीनं दुकानाचं नावही ठरवून ठेवलं होतं. कल्पितालाही तिथं काम देणार होती म्हणे. मागच्या बाजूला.

"वहिनी, तुम्ही आत प्लेटांचं बघाल ना?" जाता जाता योगिनी म्हणाली.

"बघते की," कल्पिता म्हणाली.

बाहेर ऋतिका हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. ओटी भरून झाली. केक आला तसे सगळ्यांचे मोबाइल वर झाले. केशरबाईंनी कौतुक केलं, तर योगिनीनं कंबरेला हात लावून, फार उभं राहावं लागलं पण ऋतिकासाठी एवढं काय, असं सांगितलं. मग रिबन बांधलेली सुरी तिनं ऋतिकाच्या हातात दिली, त्या हातावर आपला हात ठेवला आणि पाळण्याच्या शेजारी दाबला.

सुरी आत जाईना. योगिनीनं जोर लावला. दात आंबावेत तसा करकर आवाज झाला आणि क्रीमसोबत पांढरे दाणे सुरीला चिकटून आले.

"गो योगिनी," दोघी जावांच्या सासूबाई, सखुबाई, म्हणाल्या, "पोरीला थर्माकोल भरवतेस काय?"

हशा पिकला. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी अपशकुन हा शब्द बोलली आणि तो हशा जागच्या जागी विरला. ऋतिकाचा हात पोटाकडे गेला.

कल्पिता स्वयंपाकघराच्या दारात वेफर्सची बशी घेऊन उभी होती. हसण्याची तिनं तयारी ठेवली होती. पोटाकडे गेलेल्या त्या हाताची नव्हती. तिचं पाऊल उचललं गेलं. तिनं ते परत खाली टेकवलं. अजून नाही.

"तूच केलास ना गो?" केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग कुठशी कापाचा, तं तुलाच ठावं."

योगिनीनं केकच्या भोवती नजर फिरवली, जणू कुठंतरी बटण असावं. मग तिनं दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला होता. "वहिनी, कुठून कापायचा हो?"

"मला काय विचारतेस? ओव्हनला विचार," कल्पिता म्हणाली.

ती हळूच बोलली. पण खोलीत तेव्हा दुसरं कुणीच बोलत नव्हतं.

मग ती पुढं आली. हात पदराला पुसले. नखांच्या कडेचा हिरवा रंग काही निघाला नाही. वरचा मजला अलगद उचलून तिनं योगिनीच्या हातांवर ठेवला. "धर." आणि ऋतिकाचा हात हातात घेतला. "खालचा काप, बाय. शहाळ्याच्या मलईचा आहे. डोहाळे लागलेत ना तुला?"

सुरी आपल्या वजनानं खाली गेली. ऋतिका रडवेल्या डोळ्यांनी हसली आणि पहिला घास तिनं कल्पितालाच भरवला.

केशरबाईंनी आपला घास सावकाश खाल्ला. त्यांची नजर कल्पिताच्या नखांवर होती. "कलव्याच्या गाल्याला पानी मागल्या बाजूशी हाय," त्या म्हणाल्या. "चालंल ना गो तुला?"

"चालेल की," कल्पिता म्हणाली. "मागच्या बाजूला मी बाई ठेवीन."

योगिनी अजून तो मजला दोन्ही हातांवर धरून उभी होती. वजन असं काही नव्हतंच त्याला. पण टेबलावर ओटीचं सामान पसरलेलं, खाली पोरं खेळत होती, आणि जो तो केकची बशी सांभाळत, तिला जरा बाजूला व्हायला सांगून पुढं जात होता.