रंगूनचं घर

बी.टी. होऊन त्र्यंबक रंगूनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेला, त्याला सहा महिने झाले होते. १९४१चा डिसेंबर उजाडला आणि तळेगावला त्याचं पत्र आलं. त्याचे वडील मोठ्यानं वाचू लागले. त्र्यंबकची बायको अरुंधती दाराआडून ऐकत होती.

'आता मी इथे चांगला रुळलो. मुलं मला सया म्हणतात, म्हणजे गुरुजी. शाळेजवळच दुमजली घर स्वस्तात मिळालं. आधीचं बिऱ्हाड इतक्या घाईनं गेलं की पलंग, भांडीकुंडी सगळं इथेच आहे. गल्लीतली आणखी चार घरं रिकामी झालीत. तेव्हा हिला लवकर पाठवा.'

"भरलेलं घर टाकून कोण जातं, मामंजी?" अरुंधतीच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, पोरगा परदेशात मार्गी लागला आणि तुला शंका कसल्या सुचतात?" सासरे हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं मेतकुटाचा डबा भरला, ट्रंकेत लुगडी रचली. सासरे बोटीचं तिकीट काढायला पुण्याला एजंटाकडे गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. पायांवर पाणीही न घेता ते ओसरीवर बसून राहिले.

"तिकीट मिळालं नाही का?" तिनं भीत भीत विचारलं.

 

"जायची हवी तेवढी आहेत, मुली. तिकडून यायच्या एकाही बोटीत दोन महिने जागा नाही."