दोन चाव्या

"माझ्या बॅटऱ्या उजव्या बाजूला, आणि त्यांची चावी माझ्याकडे," थोरला भाऊ गुरगुरला. धाकट्याला डाव्या बाजूसाठी तेच हवं होतं.

होडीत विजेची मोटर बसवणाऱ्या त्यांच्या बहिणीने, शालनने, हातातला पाना आपटला. दोघांनी घरात भिंत घातलीच होती; आता बाबांच्या शिडाच्या होडीचीही वाटणी! "देते करून," ती दातओठ खात म्हणाली.

सकाळी वारा पडला होता. थोरल्याने एकट्यानेच होडी पाण्यात लोटून चावी फिरवली. मोटर ढिम्म.

"काय करून ठेवलंस?" तो धक्क्यावर उभ्या शालनवर ओरडला.

"अर्ध्या बॅटऱ्यांवर ही मोटर हलतसुद्धा नाही. दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्यात मी. दोन्ही चाव्या लागतील, दादा!"

मग ती शेजारी खुदखुदणाऱ्या धाकट्याकडे वळली. "आणि तू हसतोस काय? चावी घे, चढ होडीत!"