नसलेला खांब

"खांब? कुठला खांब?" मास्तरीणबाईंनी फॉर्म मिस्त्रीच्या नाकासमोर धरला.

मिस्त्रीने जीभ चावली. बिचाऱ्याने बाईंवरच्या मायेपोटी विम्याचा अख्खा फॉर्म भरून ठेवला होता, सही तेवढी बाकी. 'रिव्हर्स घेताना खांबाला धडक. चूक चालकाची.' त्याच्या गॅरेजात येणाऱ्या निम्म्या गाड्या कागदावर खांबालाच धडकतात. गावात तेवढे खांब तरी असतील का, देव जाणे.

"बाई, ठोकून पळालेला आता सापडतोय होय? पळाला म्हणून लिहिलं की पोलीस चौकीचा कागद आणा, चौकशी होऊ द्या, महिना गेलाच. खांब लिहा, आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. नाहीतर शिकणारे जातील दुसरीकडे आणि तुम्ही बसाल हात चोळत."

खोटं नव्हतं त्यात. बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ही एकुलती एक गाडी, आणि तिची डिकी चेपून मागच्या सीटला टेकलेली.

"गाडी कोण चालवत होतं त्या दिवशी?" बाईंनी विचारलं.

चालवणारी तिथेच जुन्या टायरांपाशी उभी होती. बेकरीत केकवर नावं लिहिते ती. शिकण्याचा चौथा दिवस होता. सिग्नलला लाल दिवा लागला, शिकवल्याप्रमाणे ती थांबली, आणि मागून एक गाडी धाडकन आदळून बाजूने सुसाट निघून गेली. तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नवरा तर टपूनच बसला होता. "तरी मी सांगत होतो," म्हणाला.

"लिहा हो बाई खांब," ती पुटपुटली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"गप्प बस!" बाई कडाडल्या. "एकवीस वर्षं शिकवतेय मी. लाल दिव्याला थांबणं ही चूक असेल, तर आजच पाटी उतरवते. पळाला तो, आणि मान खाली घालायची हिने? वा रे वा!"

तेवढ्यात विम्याचा सर्व्हेअर आला. मिस्त्रीने भरलेला फॉर्म वाचला, फोटो काढले, वाकून बंपर पाहिला, नखाने खरवडून निघालेला रंग निरखला.

"खांब निळा होता का हो?"

मिस्त्री एकदम पाना शोधायला लागला.

"खांबबिंब काही नाही," बाई म्हणाल्या. "ठोकून पळालाय. मिळतं का त्याचं?"

"मिळतं की. पॉलिसीत बसतं ते. पण चौकीचा कागद लागेल, आणि उशीर होईल बरं का."

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात ठेवला. "तीन खेपा घातल्या. तिसऱ्यांदा तिथल्याच बाकावर डबा उघडून जेवायला बसले, तेव्हा कुठे दिला. आणि उशीर म्हणाल, तर होऊ दे. तोवर चालत जाईन, पण खांब लिहिणार नाही."

सर्व्हेअरने कोरा फॉर्म काढला. "घटना चालकानेच लिहावी."

बाईंनी पेन पुढे केलं. बेकरीवालीने फॉर्म बॉनेटवर ठेवला.

"बाई, काय लिहू?"

"मला काय विचारतेस? गाडी तू चालवत होतीस."

'चालकाची चूक' या चिमुकल्या रकान्यात तिने लिहायला घेतलं, केकवर लिहिते तशी मोठाली, गोल गोल अक्षरं. 'मी थांबले होते.'

"अहो, रकान्याच्या बाहेर गेलं ना," सर्व्हेअर म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि त्याखाली तिने एक ठसठशीत रेघ ओढली.